चार हजार रेकॉर्ड्स आणि दोन बोल्या : एका संग्रहाच्या विक्रीचा प्रकरण अभ्यास

संग्राहक गेले तेव्हा घरात भिंतभर मांडणीत सुमारे चार हजार रेकॉर्ड्स होत्या आणि त्यांच्याच अक्षरातली एक जाड वही होती. वहीत प्रत्येक रेकॉर्डपुढे किंमत लिहिलेली, शेवटच्या पानावर बेरीज. वारस तिघं : पत्नी, मुलगा आणि मुलगी. तिघांच्याही डोक्यात ती बेरीज पक्की बसलेली. पहिला डीलर येऊन बेरजेच्या जेमतेम आठव्या हिश्शाची बोली करून गेला, तेव्हा मुलाला तो लुटारू वाटला. त्यानंतर मूल्यांकनासाठी मला बोलावलं. यातलं काहीही मी स्वतः विकत घेणार नाही, हे पहिल्याच भेटीत लेखी दिलं. भाव सांगणारा आणि माल उचलणारा माणूस एकच असला की दोघांपैकी कुणाचंच मन साफ राहत नाही.

आईंची अपेक्षा सरळ होती. घर बदलायचं होतं, खोली रिकामी हवी होती. "पण फसवणूक नको," एवढीच अट. मुलाला जास्तीत जास्त पैसे हवे होते. मुलीला काही रेकॉर्ड्स ठेवून घ्यायच्या होत्या. तिघांच्या या मागण्या एकमेकींना छेद देत होत्या आणि पुढचा बराचसा वाद रेकॉर्ड्सपेक्षा त्यावरूनच झाला.

आधी वहीबद्दल. संग्राहक हिशेबी माणूस होता. त्यांनी किमती कुठून घेतल्या हे जागोजागी लिहिलं होतं : बहुतेक छापील भावपुस्तिकांमधून, शेवटच्या काही वर्षांतल्या संकेतस्थळांवरून. हेतूही लिहिलेला होता : विमा. विम्यासाठी किंमत काढायची तर प्रश्न असा असतो की उद्या सगळं जळालं तर तेच पुन्हा विकत घ्यायला किती पैसे लागतील. विक्रीसाठी किंमत काढायची तर प्रश्न असा की उद्या विकलं तर हातात किती पडेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. वही चुकीची नव्हती, ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होती. पुढच्या हिशेबात वहीतली बेरीज १०० धरली आहे, म्हणजे खरे आकडे न सांगता प्रमाण कळेल.

वहीतल्या १०० ला पहिली कात्री लागली ती प्रतवारीची. भावपुस्तिकांमध्ये छापलेली किंमत सहसा 'निअर मिंट' प्रतीची असते, म्हणजे जवळपास न वाजवलेल्या रेकॉर्डची. अमेरिकेतल्या 'गोल्डमाइन' मासिकाने रूढ केलेल्या प्रतवारीत त्याखालच्या 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) प्रतीला साधारण निम्मी किंमत मिळते, 'व्हीजी'ला पाव, आणि 'गुड' म्हणवल्या जाणाऱ्या प्रतीला दहा ते पंधरा टक्के. 'गुड' हे नाव ऐकून नवखा माणूस हमखास फसतो. या धंद्यात 'गुड' म्हणजे वाजते, पण खरखरत वाजते. ब्रिटिश विक्रेते 'एक्सलंट' अशी आणखी एक पायरी वापरतात, ती ढोबळमानाने अमेरिकी 'व्हीजी प्लस'च्या आसपास बसते.

हा संग्रह ऐकणाऱ्या माणसाचा होता, कपाटात बंद ठेवणाऱ्याचा नव्हता. आवडत्या रेकॉर्ड्स जास्त वाजलेल्या, आणि आवडत्या म्हणजे बहुधा मोलाच्याही. प्रखर दिव्याखाली तिरकी धरून पाहिली की बारीक रेघा दिसायच्या. नखाला जाणवणारा ओरखडा असला तर तो सुईलाही जाणवतोच. आणखी एक नुकसान संग्राहकाने काळजीपोटीच ओढवून घेतलं होतं. त्यांनी शेकडो रेकॉर्ड्स जाड, मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांत घातल्या होत्या. अशा पिशव्यांमधलं प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं झिरपतं आणि रेकॉर्डवर दुधी डाग उमटतो. तो धुऊन जात नाही आणि वाजवताना सतत सूं असा आवाज येतो. कव्हर कोरं करकरीत आणि आतली तबकडी कामातून गेलेली, असे नमुने बरेच निघाले.

दुसरी कात्री आवृत्तीची. वहीत नाव आणि वर्ष होतं, पण ते वर्ष मूळ प्रकाशनाचं होतं, हातातल्या प्रतीचं नव्हे. कव्हरच्या मागे १९५८ छापलेलं असलं तरी रेकॉर्ड १९७५ साली दाबलेली, म्हणजे साच्यातून काढलेली, असू शकते. खरी ओळख पटते ती लेबलवरून आणि शेवटच्या खोबणीनंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेल्या अक्षर-आकड्यांवरून. जॅझच्या कप्प्यात ब्लू नोट कंपनीच्या चाळीसेक रेकॉर्ड्स होत्या आणि वहीत त्या सगळ्या पहिल्या आवृत्तीच्या भावाने लावल्या होत्या. ब्लू नोटचं लेबल त्यावरच्या पत्त्यावरून वाचतात : आधी लेक्झिंग्टन अव्हेन्यू, मग ४७ वेस्ट ६३ रस्ता, मग नुसतं न्यूयॉर्क, आणि १९६६च्या सुमारास लिबर्टी कंपनीने ब्लू नोट घेतल्यानंतर लिबर्टीचं नाव. त्याआधीच्या प्रतींवर प्लास्टिलाइट कारखान्याची खूण असते. ती कोरलेल्या इंग्रजी 'पी'सारखी असते, संग्राहक तिला 'कान' म्हणतात. रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिअभियंत्याचा शिक्का असला तर चांगलंच, पण शिक्का पुढच्या आवृत्त्यांवरही सापडतो, त्यामुळे 'कान' बघितल्याशिवाय निर्णय करायचा नसतो. चाळीसपैकी 'कान' असलेल्या निघाल्या नऊ.

ब्रिटिश ईएमआय कंपनीच्या रेकॉर्ड्सवर त्याच गुळगुळीत पट्ट्यात याहून मजेदार खुणा असतात. घड्याळातल्या नऊच्या जागी एक आकडा आणि तीनच्या जागी एक-दोन अक्षरं. ही अक्षरं म्हणजे ठशाचा, रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्याचा, क्रमांक, 'ग्रामोफोन लिमिटेड'च्या इंग्रजी संक्षेपातून घेतलेला : जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, मग एम, ओ, पी, एच, एल, टी आणि शेवटी डी म्हणजे शून्य. आकडा आणि अक्षरं जितकी सुरुवातीची, तितकी प्रत ताज्या साच्यातून निघालेली. मुलाला हे समजावल्यावर तो दोन दिवस भिंग घेऊन बसला. बीटल्सच्या कप्प्यातून त्याने ज्या तीन रेकॉर्ड्स वेगळ्या काढल्या, त्यांनी नंतर खरंच चांगले पैसे आणले.

त्याच कप्प्यात बीटल्सचा १९६८चा पांढऱ्या कव्हरचा जोडसंच होता. त्यावर क्रमांक छापलेला असतो, आणि कुटुंबाने ऐकलं होतं की क्रमांक असलेली प्रत प्रचंड भावाने जाते. हे अर्धं खरं. रिंगो स्टार यांच्याकडची १ क्रमांकाची प्रत २०१५ साली लिलावात गेली आणि जगभर बातम्या झाल्या. पण असे क्रमांक लाखो प्रतींवर छापले गेले होते. घरातल्या प्रतीचा क्रमांक सहा आकडी, आतलं मोठं पोस्टर हरवलेलं, चार छायाचित्रांपैकी दोनच शिल्लक. किंमत ठीकठाक, एवढंच.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या हजाराहून अधिक रेकॉर्ड्स होत्या आणि त्यांचा निकाल सगळ्यात कठोर लागला. संग्राहकाला सर्वात जिव्हाळा याच कप्प्याचा होता, वहीतल्या नोंदीही इथे सर्वात सविस्तर. कारायान यांच्या संचालनाखालच्या बेथोव्हनच्या नऊ सिंफन्यांचा १९६३चा संच, जाड पेटीत, पुस्तिकेसह. उत्तम वादन, उत्तम छपाई. पण तो इतका खपला की ज्याला हवा त्याच्याकडे तो आहेच. शास्त्रीय रेकॉर्ड्सच्या बाजारात मधला थर जवळजवळ नाही. खाली ढीग, वर अगदी मोजक्या रेकॉर्ड्स, ज्यांच्यासाठी जगभरातले संग्राहक झुंजतात : योहाना मार्त्सी यांनी एकल व्हायोलिनवर वाजवलेला बाख, किंवा लिओनिद कोगन यांचा बेथोव्हनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो कोलंबियाच्या एसएएक्स मालिकेतल्या निळ्या-रुपेरी लेबलावर. या दोन्ही इथे नव्हत्या. मात्र एसएएक्स मालिकेतल्याच निळ्या-रुपेरी लेबलाच्या अकरा आणि डेक्काच्या सुरुवातीच्या एसएक्सएल मालिकेतल्या काही निघाल्या. हजाराच्या कप्प्यातली बहुतेक सगळी किंमत या पंचवीस-तीस रेकॉर्ड्सनी उचलली.

आश्चर्याचा कप्पा भलताच निघाला. जिन्याखालच्या खोक्यात मुलीच्या तरुणपणच्या, १९९०नंतरच्या रेकॉर्ड्स होत्या. वहीत त्यांची नोंदसुद्धा नव्हती आणि आईंनी त्या आधीच टाकायला काढल्या होत्या. अमेरिकेत सीडीने १९८८ साली एलपीला विक्रीत मागे टाकलं, आणि त्यानंतरची काही वर्षं बड्या कंपन्या एलपी अगदी थोड्या प्रती काढून दाबत होत्या. जुनी म्हणजे दुर्मीळ आणि नवी म्हणजे साधी, हा समज इथे उलटा पडतो. साठच्या दशकातली लोकप्रिय रेकॉर्ड लाखांनी छापली गेली. नव्वदच्या दशकातली तितकीच लोकप्रिय रेकॉर्ड तेव्हा लोक सीडीवर ऐकत होते. त्या एका खोक्यातून जे निघालं ते संग्रहातल्या ७८ फेऱ्यांच्या (लाखेच्या, एलपीआधीच्या जुन्या) सर्व तबकड्यांच्या मिळून किमतीहून कितीतरी जास्त भरलं. शंभर वर्षांची तबकडी म्हणजे खजिना, असं वाटणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं. पॅरामाउंट कंपनीच्या ब्लूज तबकड्यांसारखे काही अपवाद सोडले तर लाखेच्या बहुतेक तबकड्यांना आज गिऱ्हाईक नाही.

चार हजार रेकॉर्ड्स एकेक करून तपासणं शक्य नव्हतं, आणि गरजही नव्हती. मांडणीतली प्रत्येक विसावी रेकॉर्ड काढली, अशा दोनशे. त्यांची प्रत ठरवली, आवृत्ती ओळखली आणि डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीच्या झालेल्या विक्रीचा मध्यम भाव पाहिला. विक्रेत्याने मागितलेला भाव पाहायचा नाही. मागितलेला भाव म्हणजे जी रेकॉर्ड अजून विकली गेलेली नाही तिचा भाव. नमुन्यावरून संग्रहाच्या पोटाचा अंदाज बांधता येतो, माथ्याचा नाही. मोलाच्या रेकॉर्ड्स थोड्या असतात, विसाव्या जागी येतीलच असं नाही, म्हणून त्या शोधून काढाव्या लागल्या. लेबलं, साठच्या दशकाच्या अखेरीच्या मोनो प्रती (तोवर सगळं स्टिरिओकडे वळल्याने त्या कमी निघाल्या), छोट्या कंपन्यांची जॅझ, नव्वदचं खोकं. अशा १९० निवडल्या गेल्या.

बेरीज झाली ३७. वहीच्या १०० पैकी. त्यातले २१ या १९० रेकॉर्ड्सचे, उरलेले १६ बाकीच्या अडतीसशेंचे.

मुलगा म्हणाला, "मग ३७ तरी मिळायला हवेत ना?" इथे मी कागदावर एक साधा गुणाकार करून दाखवला. रेकॉर्ड बाहेर काढणं, धुणं, तपासणं, आवृत्ती ओळखणं, फोटो, वर्णन, प्रश्नांना उत्तरं, पुठ्ठ्यात बांधणं, पोस्टात देणं, आणि कुणी परत पाठवली तर पैसे फिरवणं : सगळं मिळून एका रेकॉर्डला अर्धा तास, तोही सराव झाल्यावर. चार हजार रेकॉर्ड्स म्हणजे दोन हजार तास. रोज आठ तास, अडीचशे दिवस. एका माणसाची वर्षभराची नोकरी, आणि वर्ष संपल्यावरही निम्म्या रेकॉर्ड्स विकल्या न जाता पडून राहणार. वर संकेतस्थळाचं शुल्क. डीलर ३७ का देत नाही, याचं उत्तर याच कागदावर होतं : ते वर्ष त्याने आपल्याकडून विकत घ्यायचं असतं, शिवाय जागा, भाडं आणि न खपणाऱ्या मालाचा बोजा. पहिल्या डीलरची बोली वहीच्या १२ होती. कमी होती, पण लूट नव्हती.

मोठा आकार हा विकणाऱ्याला फायदा वाटतो. उलट आहे. पिट्सबर्गच्या पॉल मॉव्हिनी यांचा लाखो रेकॉर्ड्सचा संग्रह हे त्याचं ठळक उदाहरण. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक सापडेना. २००८ साली ईबेवर लागलेली विजयी बोलीसुद्धा बनावट निघाली. शेवटी २०१३ साली ब्राझीलचे उद्योजक झेरो फ्रेइतास यांनी तो उचलला, आणि फ्रेइतास यांच्यासारखा माणूस जगात एखादाच. आपला संग्रह चार हजारांचा, पण तोही जवळजवळ एक टन वजनाचा. कव्हरसह एलपी साधारण पाव किलो भरते. एवढा माल एका दमात उचलू शकणारे खरेदीदार बोटांवर मोजण्याइतके.

आता खरा पेच. मोलाच्या १९० काढून आधी वेगळ्या विकाव्यात का? या धंद्यात याला मलई काढणं म्हणतात, आणि डीलर त्यावर नाराज असतात, कारण बाकीचा अडतीसशेंचा ढीग ते त्या मलईच्या जिवावरच उचलायला तयार होतात. मलई लपवून काढली आणि नंतर कळलं तर बोली तुटते. उलट सगळं एकत्र दिलं तर मलईचा भाव ढिगाच्या भावात बुडतो. इथे बरेचजण स्वभावाप्रमाणे निर्णय घेतात : लोभी माणूस काढतो, दमलेला माणूस एकत्र देतो. आम्ही डीलरलाच विचारायचं ठरवलं. तीन डीलर बोलावले, तिघांनाही १९० ची यादी प्रतवारीसकट उघड दाखवली आणि प्रत्येकाकडून दोन लेखी बोल्या मागितल्या. एक सगळ्याची, एक १९० वगळून.

एकाने वगळून घ्यायला नकार दिला. दुसऱ्याच्या दोन्ही बोल्या तिसऱ्याच्या खाली होत्या. तिसऱ्याने सगळ्याचे १६ सांगितले, मलई वगळून ५. म्हणजे त्याच्या लेखी १९० ची किंमत ११. आता प्रश्न नेमका झाला : या १९० लिलावगृहाकडे दिल्या तर कमिशन, विमा, न विकला जाणारा माल हे सगळं वजा जाता ११ हून जास्त हातात पडतील का? २१ मधून खर्च काढून माझा अंदाज १५ चा होता. फरक चारचा, आणि त्यासाठी तास फक्त १९० रेकॉर्ड्सचे. फरक एकाचा असता तर मी सगळं एकत्र द्यायला सांगितलं असतं.

मुलीने ठेवून घेतलेल्या साठ रेकॉर्ड्सवरून मात्र ठिणगी पडली. त्या तिच्या वाट्यातून वजा करायच्या हे ठरलंच होतं, पण कुठल्या भावाने? भाऊ म्हणे वहीच्या. मग तिच्या वाट्याला आलेल्या साठ रेकॉर्ड्स विमा-किमतीच्या आणि त्याच्या वाट्याचे पैसे डीलरच्या भावाचे, असा तो प्रकार झाला असता. दोघांनाही एकच माप लावायचं तर विकल्या असत्या तर हातात पडले असते तेवढेच धरायला हवेत. आईंनी तसा निवाडा दिला आणि विषय तिथेच मिटला.

लिलावाआधी १९० च धुतल्या. ढीग धुण्यात अर्थ नव्हता. लाखेच्या तबकड्यांना तर हातही लावू दिला नाही, कारण रेकॉर्ड धुण्याच्या पुष्कळशा द्रावणांत अल्कोहोल असतं आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. प्रत्येक मोलाची रेकॉर्ड दोन्ही बाजू वाजवून पाहिली. नजरेला 'व्हीजी प्लस' वाटणाऱ्या सहा रेकॉर्ड्स वाजवल्यावर खाली उतरल्या. झिजलेल्या जड सुईने खोबण्या खाल्ल्या होत्या आणि ते डोळ्यांना दिसत नाही, मोठ्या आवाजाच्या जागी फाटल्यासारखं ऐकू येतं. प्रत स्वतःहून खाली लिहिलेली बरी. घेतल्यावर खरेदीदाराला ते कळलं तर रेकॉर्डही परत येते आणि पुढच्या लॉटवरचा विश्वासही जातो. मूळ आतली पाकिटं, पत्रकं, जपानी प्रतींच्या कव्हरवरची कागदी पट्टी, यातलं काही फेकू दिलं नाही.

डीलरशी करारात दोनच कलमांवर मी अडून बसलो. पैसे पूर्ण जमा झाल्याशिवाय एकही खोकं हलणार नाही. त्याला अर्धे आधी आणि अर्धे विकल्यावर द्यायचे होते, ते नाकारलं. आणि सगळं उचलायचं, निवडून मागे काही ठेवायचं नाही. बुरशी आलेल्या आणि वाकलेल्या तीनशेच्या आसपास रेकॉर्ड्स त्याला नको होत्या, पण नको असलेला माल घराबाहेर काढणं हाच त्याच्या बोलीचा एक भाग होता. साठ-सत्तर एलपींची खोकी केली, सगळ्या उभ्या. आडव्या रचल्या तर खालच्या दबून वाकतात, आणि मोठी खोकी केली तर ती कुणी उचलू शकत नाही.

लिलावात १९० पैकी १७१ गेल्या. ब्लू नोटच्या नऊ अंदाजाच्या वर गेल्या, एसएएक्स मालिकेतल्या काही खाली. नव्वदच्या खोक्यातली एक रेकॉर्ड आमच्या आकड्याच्या तिपटीला गेली, आणि ती नेमकी आईंनी टाकायला काढलेल्यांपैकी. सगळा खर्च जाता हातात १४ पडले, डीलरचे ५ आधीच आले होते. विकल्या न गेलेल्या १९ रेकॉर्ड्स पुन्हा लिलावात घालण्याऐवजी त्याच डीलरला दिल्या, त्याने वहीच्या अर्ध्या टक्क्याला घेतल्या. एकूण साडेएकोणीस. एकरकमी बोलीपेक्षा साडेतीन जास्त, पण सहा महिने उशिराने. खोली मात्र पहिल्याच महिन्यात रिकामी झाली होती, त्यामुळे आईंची त्या उशिराबद्दल काही तक्रार नव्हती. मुलाच्या मते ती रक्कम अजूनही कमीच आहे.